न उठता तीन फळ्या

गुडघा दुखला की माणूस नाक्यावर उभा राहून दहा जणांना सांगतो. दात दुखला की गालावर हात ठेवून गावभर मिरवतो. पण दुखणं कमरेच्या खाली आणि मांडीच्या वर असलं, की पेणचा माणूस रोह्याला जातो. मी गेलो. वर्षभर गेलो. तिथं जे झालं ते ऐकून हसाल. हसा, मीसुद्धा आता हसतो. तेव्हा मात्र रडायची पाळी आली होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी चाळिशीला टेकलो होतो आणि पेणला मामांच्या गणपतीच्या कारखान्यात आखणी करत होतो. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. साच्यातून मूर्ती काढणारे वेगळे, अंगाचा रंग मारणारे वेगळे, पितांबर आणि दागिने करणारे वेगळे. सगळ्यांचं झालं की शेवटी मूर्ती माझ्यापुढे यायची. तोपर्यंत तिला कुणीही बगलेत मारून इकडची तिकडे न्यायचा. एकदा मी डोळे काढले, की तोच गडी तिला दोन्ही हातांनी उचलायचा आणि पाय लागला तर नमस्कार करायचा. त्यामुळे कारखान्यात आखणीवाल्याचा मान मोठा. पहिला चहा मला. भांडण झालं तर निवाडा माझा. चुकलो तरी बरोबर.

या मानाला एक नियम चिकटलेला होता. एका लांब फळीवर अकरा मूर्ती मांडायच्या. धरमतरच्या खाडीतून आणलेल्या मोठ्या शिंपल्यात काळा रंग कालवायचा, आणि त्या एका कालवणात अकरा देवांचे बावीस डोळे पुरे करायचे. मध्ये उठायचं नाही. उठलं की रंग घट्ट होतो, रेघ जाड येते, आणि एकाच फळीवरचे देव निरनिराळ्या नजरेनं बघायला लागतात, असं त्याचं कारण. शिवाय एक डोळा उघडून देवाला ताटकळत ठेवणं म्हणजे पाप. मामांच्या वडिलांनी नियम घातला, मामांनी तीस वर्षं पाळला, त्यांच्यानंतर बारा वर्षं मी. एका फळीला अडीच तास लागायचे. हंगामात दिवसाला तीन फळ्या व्हायच्या. लाकडाच्या पाटावर मांडी ठोकून बसायचं ते बसायचंच. ‘न उठता तीन फळ्या’ ही आमच्या धंद्यातली पदवी होती, लोक तिच्यावर पोरी द्यायचे. आणि जो फळीवरून मध्येच उठेल त्यानं ब्रश खाली ठेवायचा, दुसऱ्यानं तो उचलायचा. कायमचा. असा तो नियम.

आता माणूस अडीच तास उठत नाही म्हणजे काय करतो? सकाळपासून पाणी पीत नाही. एवढं करूनही लागलीच, तर दाबून धरतो. मी बारा वर्षं दाबून धरली. त्याचा मला अभिमान होता! पाव्हण्यारावळ्यांत सांगायचो, ‘आपल्याला नाय लागत.’ जणू मी काही तप करत होतो.

मग एका आषाढात सुरू झालं. आधी नुसती जळजळ. पुढं असं वाटायला लागलं, की पाटावर कुणीतरी सुपारी ठेवलीय आणि मी नेमका तिच्यावर बसलोय. उठून पाट झटकला. सुपारी नव्हती. दुखत होतं ते आत, जिथं माणूस स्वतःलासुद्धा बोट दाखवत नाही अशा ठिकाणी. लघवीला जावं तर थेंब थेंब, परत यावं तर पुन्हा लागल्यासारखी. कंबर धरायची, मांड्या भरून यायच्या. दोन दिवस बरं वाटायचं, वाटायचं गेलं एकदाचं, की तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

बायकोला मी अर्धंच सांगितलं. म्हटलं, जळजळतंय.

“उष्णता हाय,” ती म्हणाली. आमच्याकडे उष्णता म्हटलं की विषय संपतो. तिनं सब्जा भिजवला, धणे-जिऱ्याचं पाणी केलं, कोकम सरबताची बाटली भरली. बाई प्रेमानं करत होती, नाही कसं म्हणू? दिवसाला चार तांबे पोटात गेले आणि मी फळीवर बसलो. देवा! त्या दिवशी सातव्या मूर्तीच्या डाव्या डोळ्याला मला ब्रह्मांड आठवलं. तरी उठलो नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळी सरबतं गुपचूप परसातल्या जास्वंदीला घालायला लागलो.

मग औषधाच्या दुकानातून, ‘पाव्हण्यासाठी पायजे’ असं सांगून, लघवीच्या जळजळीच्या गोळ्या आणल्या. तीन दिवसांत बरं वाटलं, उरलेल्या टाकून दिल्या. महिन्यानं पुन्हा तेच. पुन्हा पाव्हणा, पुन्हा गोळ्या. दुकानदार एकदा म्हणाला, “पाव्हणा लय दिवस राहिला हो.” त्यानंतर मी त्या दुकानावरून जाणंच सोडलं.

आणि वडखळपासून पुढं हायवेच्या भिंती! चुन्यानं रंगवलेली ही एवढाली अक्षरं: गुप्तरोग, शर्तिया इलाज. आयुष्यभर त्या भिंतींना मी हसत आलो. आता बसमधून त्या दिसल्या की मी तोंड फिरवायचो. मी कधी वाकडं पाऊल टाकलं नव्हतं, पण दुखणंच अशा जागी, की आपण कुठं गेलो होतो का हे माणूस स्वतःलाच विचारायला लागतो. बायकोला आपल्यापासून काही झालं तर, या भीतीनं मी तिच्यापासून चार हात लांब झोपायला लागलो. तिनं काही विचारलं नाही. न विचारणारी बायको फार वाईट.

पेणमध्ये डॉक्टर नव्हते असं नाही. पण एक दरवर्षी आमच्याकडून मूर्ती न्यायचे, आणि दुसऱ्यांचा कंपाउंडर माझ्या वर्गातला, त्याच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळपर्यंत कासार आळीत समजलं असतं, की आखणीवाल्याला बसवत नाय. आणि बसवत नाही म्हणजे ब्रश गेला. दुखणं मी सोसलं असतं हो. ब्रश जाणं सोसवलं नसतं. मला दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं सांगू, दुसरं काही यावं असं वाटतही नव्हतं.

म्हणून रोहा. घरी सांगितलं, रोह्याला मोठी ऑर्डर मिळतेय, बोलणी चाललीत. दर पंधरा दिवसांनी एक गुरुवार. डोलवीच्या कंपनीचे ट्रक रस्ता अडवून असायचे, बस गडबपर्यंत रांगायची, आणि मी खिडकीत बसून झाडं मोजायचो. पेण ते रोहा रस्त्यावर आडोसा कुठं आहे, कुठल्या हॉटेलवाल्याची मुतारी उघडी असते, नागोठण्याच्या स्टँडवर गाडी किती मिनिटं थांबते, हे मला कंडक्टरपेक्षा जास्त माहीत झालं. भिसे खिंडीतल्या प्रत्येक खड्ड्याशी माझी वैयक्तिक ओळख होती.

रोह्याचे डॉक्टर साठीचे, सावकाश बोलणारे. समोर वही उघडून त्यांनी वय विचारलं. मग म्हणाले, “काय करता?”

आता रोह्यातले निम्मे गणपती पेणहून जातात. मूर्तिकार म्हटलं असतं तर कुठला कारखाना, कुणाचे कोण, सगळं निघालं असतं. माझ्या तोंडून निघून गेलं, “शिक्षक.”

“विषय?”

“चित्रकला.” अगदीच खोटं नको म्हणून.

त्यांनी लिहून घेतलं. मग पडद्यामागं नेलं, हातमोजा चढवला आणि म्हणाले, “कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या, मास्तर.” पुढच्या अर्ध्या मिनिटाचं वर्णन मी करणार नाही. तेवढ्यात मला सगळे देव आठवले, आणि सगळे माझ्याकडे डोळे वटारून बघत होते.

“इथं दुखतं?”

“हो!” मी ओरडलो. बाहेरच्या बाकावर शांतता पसरली.

हात धुऊन त्यांनी कागदावर चित्र काढलं. वाईट काढलं, मला सुधारून द्यावंसं वाटत होतं. मूत्राशयाच्या तोंडाशी, खाली, प्रत्येक पुरुषाला एक छोटी ग्रंथी असते, प्रोस्टेट म्हणतात. लघवीची नळी तिच्या मधून जाते. ती सुजली की नळी आवळते, जळजळतं, बसलं की दुखतं.

“कॅन्सर?” मी विचारलं.

“नाही.”

“डॉक्टर, मी कधी कुठं... म्हणजे बाहेर... आईशप्पथ.”

“मी विचारलं का?”

“बायकोला होईल?”

“बायकांना ही ग्रंथीच नसते, मास्तर. आणि तुमचं हे लागणारं दुखणं नाही. घरात जसे राहत होता तसे राहा.”

एवढं एक वाक्य ऐकायला मी दोन महिने घालवले होते. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण वाकलो असतो तर दुखलं असतं, म्हणून नुसते हात जोडले.

त्यांनी लघवी तपासायला दिली, चार आठवड्यांच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, की बरं वाटलं तरी मध्ये सोडायच्या नाहीत. नंतरच्या खेपेला रिपोर्ट बघून म्हणाले, की जंतू दिसत नाहीत, तरीही ही सूज रेंगाळते. पुष्कळांना रेंगाळते. “हे मुळापासून जाईल असं मी सांगत नाही. येईल, जाईल. तुम्ही त्याला सांभाळायला शिका. पाणी नीट प्या. लघवी धरून ठेवू नका. चहा आणि तिखट बेतानं. रोज पंधरा मिनिटं कोमट पाण्यात बसा, चालायला जा. आणि वर्गात दिवसभर उभं राहून दमत असाल, तर मधल्या सुट्टीत जरा बसत चला.”

मी मान डोलावली. काय करणार? हात दाखवून अवलक्षण. घरी येऊन मी इमानेइतबारे तीन फळ्या बसलो, आणि डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून जेवणाच्या सुट्टीत आणखी अर्धा तास बसलो.

कोमट पाण्यात बसण्याचा प्रश्न होता. बसायचं कशात? मी कारखान्यातलं प्लॅस्टर कालवायचं एक जुनं घमेलं घासूनपुसून घरी आणलं. दुपारी पोरं शाळेत आणि बायको बाजारात गेली, की मोरीत घमेलं ठेवून त्यात बसायचो. सुख म्हणजे काय ते मला त्या घमेल्यात कळलं. आतली गाठ सैल पडायची, डोळे मिटायचे. अशाच एका दुपारी बायको छत्री विसरली म्हणून परत आली.

“अगो बाई!” दारात पिशवी पडली. “हे काय?”

घमेल्यात बसलेल्या नवऱ्याला कसलाच बाणा राहत नाही. मी सगळं सांगितलं, रोह्यापासून सुपारीपर्यंत. ती आधी तोंडाला पदर लावून हसली, मग पदर सोडून हसली, मग मोरीच्या उंबऱ्यावर बसून रडायला लागली.

“वर्षभर रोह्याची ऑर्डर, रोह्याची ऑर्डर, आणि रोह्याला एक मूर्ती नाय गेली,” ती म्हणाली. “मी तुमच्या शर्टाचे खिसे तपासले. मला वाटलं, रोह्याला कोण बाई हाय.”

“बाई कुठली गो! साठीचा डॉक्टर हाय.”

“मग सांगायला काय झालं होतं? माझ्याशी लाज? दोन पोरं झाल्यावर?” तिला खरंच राग आला होता, आणि तो राग मला त्या दिवशी फार बरा वाटला. दुसऱ्या दिवशी तिनं मला पोरांच्या आंघोळीचा प्लॅस्टिकचा टब दिला आणि पाण्याची कळशी स्वतः तापवली. फक्त एकच धोशा लावला, “मामांना सांगा. दुखणं काय चोरी हाय?”

“सांगितलं की ब्रश गेला,” मी म्हणायचो.

मामांबद्दल सांगायला हवं. बारा वर्षांपूर्वी एका सकाळी मामांनी फळी पुरी केली, ब्रश धुतला आणि माझ्या हातात दिला. “आता दिसत नाय रे,” म्हणाले. अठ्ठावन्नचे होते. आखणीतला त्यांच्यासारखा हात पेणमध्ये दुसरा नव्हता, सगळे हळहळले. तेव्हापासून जाड काळा चष्मा लावून दाराशी खुर्चीत बसायचे, पेपर दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. रस्ता ओलांडताना कुणीतरी हात धरायचा. पण कला अशी, की मूर्तीच्या तोंडावरून नुसती बोटं फिरवून सांगायचे, “उजवी पापणी केसभर वर गेलीय.” बघावं तर गेलेली असायची! लांबलांबून कारखानदार हा चमत्कार बघायला यायचे. महिन्यातून एकदा मामा डोळे दाखवायला जायचे. ‘मी येतो सोबत’ म्हटलं की खेकसायचे, “रस्ता दिसतो मला तेवढा!”

पुढचा आषाढ आला आणि माझं दुखणं शिगेला पोचलं. गणपती तोंडावर. दोनदा मी फळीवरून अर्धा उठलो आणि पुन्हा बसलो. दुसऱ्यांदा मामांनी खुर्चीतून मान वर केली. मी घाबरून गेलो आणि गुरुवारची वाट न बघता, मंगळवारीच कापडाला जातो सांगून रोह्याची बस धरली.

दवाखान्यात गर्दी होती. बाकावर एकाच माणसाची जागा शिल्लक. मी टेकलो. शेजारच्या माणसानं पेपर उघडून तोंडासमोर धरला होता आणि ओठ हलवत तो जमिनीच्या जाहीर नोटिसा वाचत होता. त्या मुंगीएवढ्या अक्षरातल्या. चष्मा त्याच्या खिशात होता. पान उलटायला त्यानं पेपर खाली घेतला.

मामा!

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मामांनी झटक्यात पेपर मिटला, चष्मा चढवला आणि समोरच्या भिंतीकडे तोंड केलं.

“कोण बसलंय रे?” त्यांनी भिंतीला विचारलं.

“मी, मामा.”

“मी कोण?”

“मामा, पुरे झालं आता.”

पण विचारणार कोण? मी विचारलं असतं, ‘तुम्ही इथं कसे,’ तर त्यांनी विचारलं असतं, ‘आणि तू?’ तेवढ्यात कंपाउंडर बाहेर आला. “चला मास्तर, आत. भातगिरणीवाले काका, यांच्यानंतर तुम्ही.”

“मास्तर?” मामा म्हणाले.

“भातगिरणी?” मी म्हणालो.

मी आत गेलो आणि मामा माझ्या पाठोपाठ घुसले. कंपाउंडर ‘अहो, अहो’ करत राहिला. आम्ही दोघं डॉक्टरांपुढे पोरांसारखे उभे. मीच तोंड उघडलं. मी मास्तर नाही, हे गिरणीवाले नाहीत, हे माझे मामा, आणि आम्ही दोघं पेणला गणपतीचे डोळे काढतो. मग फळी, शिंपला, अडीच तास, सगळं ओकलो.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे दिवसाचे सात-आठ तास. मांडी घालून. लाकडावर. पाणी न पिता आणि लघवी दाबून.”

“व्हय.”

“आणि मी तुम्हाला वर्षभर सांगतोय, जरा बसत चला!” आवाज न चढवणारा तो माणूस चिडला. “इकडून गोळी नेता आणि तिकडं जाऊन सुजेवर बसता! अहो, वैद्याला फसवून कुणाचं भलं झालंय?” मग त्यांनी मामांकडे बघितलं. “आणि काका, तुम्ही? मी आलो त्याच्या आधीपासून, जुन्या डॉक्टरांच्या वेळेपासून तुमची भातगिरणी चालू आहे या वहीत.”

मामा हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. “डॉक्टर, मी बारा वर्षांपूर्वी आखणी सोडली,” ते म्हणाले. “बसवत नव्हतं. मधी मधी उठायला लागायचं. सोडली तसं दुखणं कमी झालं. मला सांगा, ती सोडायला लागली असतीच ना?”

तो प्रश्न त्यांनी असा विचारला, की मला डॉक्टरांनी ‘हो’ म्हणावं असं वाटलं. खोटं का होईना, म्हणावं.

“वयानं आता ग्रंथी वाढलीय, ते वेगळं,” डॉक्टर म्हणाले. “पण तेव्हा? दर पाऊण तासानं उठला असतात, लघवीला जाऊन आला असतात, चार पावलं चालला असतात, बुडाखाली मऊ काही घेतलं असतंत, तर कशाला सोडायला लागली असती? कधी दुखलं असतं, कधी नसतं. पण काम चाललं असतं.”

मामा ‘बरं’ म्हणाले. एवढंच.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. नागोठण्याला गाडी थांबली तसे दोघंही न बोलता उतरलो आणि स्टँडच्या मुतारीत शेजारी शेजारी उभे राहिलो. दोघांनाही वेळ लागणार होता, घाई कुणालाच नव्हती.

“सांगणार काय होतो गावाला?” मामा समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले. “मुतायला लागते म्हणून आखणी सोडली? डोळे गेले म्हटलं की लोक हळहळतात तरी. आणि नियम माझ्या बापाचा. मी मोडला असता तर तुम्ही कुणी पाळला असता?”

“आणि ते बोटं फिरवून पापणी सांगणं?”

“दिसायचं मला,” मामा म्हणाले. “सगळं दिसायचं. बारा वर्षं खुर्चीत बसून तुझा प्रत्येक डोळा बघितला. उगाच बोटं फिरवायचो. तेवढाच हात लागायचा मूर्तीला.”

मला त्यांचा राग यायला हवा होता, किती कारखानदारांना फसवलं म्हाताऱ्यानं! पण आला नाही. मी म्हटलं, “चला मामा, गाडी सुटेल.” माझ्या ब्रशाचं काय करणार ते त्यांनी पेणपर्यंत सांगितलं नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही. आता त्यांना माहीत होतं, आणि नियम त्यांच्याच घरचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन पेले पाणी प्यायलो. डॉक्टरांनी सांगितलेलं एकदा तरी खरोखर करून बघायचं ठरवलं होतं. बायकोनं पाटावर टाकायला गोधडीची चौघडी करून दिली. मी शिंपल्यात रंग कालवला आणि फळीवर बसलो. मामा दाराशी, चष्मा लावून. आठ माणसं आपापल्या कामाला. पहिली मूर्ती झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. चौथीचा उजवा डोळा पुरा केला आणि लागली.

मी मामांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. त्या काळ्या काचांमागून मला कळेना, ते मला जा म्हणतायत की बस म्हणतायत. मी डाव्या डोळ्याला ब्रश टेकवायला गेलो आणि टोक रेघेवर ठरेना. बारा वर्षांत पहिल्यांदा. त्या हातानं देवाचा डोळा काढण्यापेक्षा ब्रश गेलेला परवडला, असं माझ्या मनानं घेतलं. मी ब्रश शिंपल्यावर आडवा ठेवला आणि उठलो.

कारखान्यातले सगळे हात थांबले. पितांबर रंगवणारी बाई म्हणाली, “अगो बाई, उठले!” मी कुणाकडे न बघता मागच्या दारानं बाहेर गेलो. आणि तिथं आडोशाला उभा राहून मला रडू आलं. चाळीस वर्षांचा घोडा, एका हातानं पायजम्याची नाडी धरून रडतोय! पण काय करू? संपलं होतं सगळं. आता मला साच्यात प्लॅस्टर ओतायला बसवतील, आणि माझ्या फळीवर दुसरा कुणीतरी बसेल, हेच डोळ्यांसमोर येत होतं. मी तोंड धुतलं, चार पावलं चाललो आणि आत आलो.

पाटावर मामा बसले होते. चष्मा जमिनीवर, ब्रश हातात. चौथीचा डावा डोळा झाला होता. माझ्या उजव्यापेक्षा रेघ बारीक, पापणीचं वळण एका झटक्यात घेतलेलं. मला असं वळण कधीच जमलं नाही, आजही जमत नाही.

“मामा,” मागून कुणीतरी हळूच विचारलं, “तुम्हाला दिसतं?”

“दिसतं,” मामा मोठ्यानं म्हणाले, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. “पहिल्यापासून दिसतं! मला मुतायला उठायला लागायचं, म्हणून सोडली होती आखणी. ह्यालापण लागतं. ज्याला लागेल त्यानं जावं आणि परत यावं.”

आधी पितांबरवाली बाई फस्सकन हसली आणि सगळा कारखाना हसायला लागला. मामाही हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी बाहीनं पुसले. शिंपल्यातला रंग तोपर्यंत घट्ट झाला होता. मामांनी बोटानं पाण्याचा एक थेंब त्यात सोडला आणि ढवळला. झाला पातळ. तीन पिढ्यांत हे कुणाला सुचलं नव्हतं.

“बघत काय राहिलास?” ते मला म्हणाले. “पाचवी सरकव.”

वर्षभर ज्याला भीत होतो तेच झालं होतं. ब्रश माझ्या हातातून गेला होता. मी पाचवी मूर्ती उचलून मामांपुढे ठेवली आणि त्यांना उठायला लागेपर्यंत त्यांच्या शेजारी उभा राहिलो.